डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर

डनलॉप हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मला स्वतः डॉक्टर होईपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्याकडे डनलॉप म्हणजे गाडी. बैलांची, रबरी टायरची, उसाच्या मोळ्यांनी शीगोशीग भरलेली गाडी. गळीत हंगाम सुरू झाला की मेढ्याहून खाली कुडाळ-पाचवडच्या अंगाला उतरताना आणि पुढे पार कराड, इस्लामपूर, सांगलीपर्यंत रस्त्याच्या कडेने या गाड्या दिसायला लागतात. लाकडी चाकाची ती बैलगाडी आणि टायरची ती डनलॉप, इतका सरळ हिशेब. हे नाव कुठल्यातरी कारखान्याचे असेल असे लहानपणी वाटायचे. ते कारखान्याचे होतेच. पण त्याआधी ते एका माणसाचे होते आणि तो माणूस जनावरांचा डॉक्टर होता.

त्यांची आठवण निघायला यंदा कारण झाली ती पुतण्याची सायकल. तो साताऱ्यात नोकरीला आहे. रविवारी कधी कास, कधी केळघर घाट असे करत आमच्याकडे मेढ्याला येतो. या खेपेला सायकल चालवत नाही, तर एसटीच्या टपावर टाकून आला आणि बरोबर दोन नवे ट्यूबलेस टायर. ते घरीच बसवायचे म्हणून आम्ही अंगणात बसलो. टायर रिमवर चढला, पण बसेना. मी पायपंप मारतोय, तो चाक धरून आणि हवा कडेकडेने फुसफुसत बाहेर. तासाभराने माझे गुडघे बोलू लागले. रोज लोकांना व्यायाम करा म्हणून सांगणाऱ्या माणसाने असे हाशहुश करणे शोभत नाही, पण केले. तो टायर शेवटी कसा बसला ते पुढे येईलच. आधी डनलॉप.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या एअरशर परगण्यातल्या ड्रेगहॉर्न गावचा. शेतकऱ्याचे घर. आपण दोन महिने आधीच जन्मलो, असे त्यांना आईने सांगितले होते आणि हे वाक्य त्यांनी आयुष्यभर बाळगले. आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांची खात्री होती आणि ते तसेच जपून वागत. प्रत्यक्षात ८१ व्या वर्षापर्यंत त्यांना मोठे असे कुठलेही दुखणे झाले नाही. असे पेशंट आमच्या ओपीडीत पुष्कळ येतात. लहानपणी कुणीतरी म्हणालेले असते, हा जरा अशक्तच आहे, आणि पन्नाशीतला धडधाकट गडी स्वेटर-मफलर गुंडाळून तपासायला येतो. मला त्यांचे हसू येत नाही. आईचे शब्द कुठल्याही रिपोर्टपेक्षा खोल बसतात.

एडिंबरोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून डनलॉप १९ व्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडले. काही वर्षे तिथेच काम केले आणि १८६७ मध्ये समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिकला भावाबरोबर दवाखाना, मग बेलफास्टला मे स्ट्रीटवर. १८७१ मध्ये लग्न झाले, मुलगी झाली, मुलगा झाला. १८८० नंतरच्या दशकात त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक होता. त्या काळच्या शहरात जनावरांचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः घोड्यांचा डॉक्टर. सगळी माल वाहतूक घोड्यांवर. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर लोखंडी धावांची चाके खडखडत जायची आणि दिवसभर असे ओढून घोड्यांच्या पायांचे, खांद्यांचे जे व्हायचे ते त्यांच्यासमोर यायचे. टायर शोधणारा माणूस इंजिनिअर नव्हता याचे लोक नवल करतात. मला ते नवल वाटत नाही. रस्ता खराब असेल तर त्याची खबर सर्वांत आधी दवाखान्यालाच लागते. मेढ्यात आम्हाला तर पावसाळ्यात रस्ता न पाहताही कळते, कमरेचे पेशंट मोजले की झाले.

आपल्याकडे लाकडी चाकाला धाव बसवणे हे लोहाराचे काम होते. माझ्या आजोळी मी ते पाहिले आहे. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायची म्हणजे ती फुगते, मग सांडशीने धरून चाकावर ठोकून चढवायची आणि वरून घागरीने पाणी. धूर, वाफ, चर्र आवाज आणि थंड होताना धाव अशी आवळते की आरे करकरतात. टायर बसवणे म्हणजे तेव्हा हे होते. चाक टिकायचे, पण रस्त्यातला प्रत्येक दगड जसाच्या तसा बैलाच्या मानेपर्यंत आणि गाडीवानाच्या मणक्यापर्यंत पोचायचा. सायकलींना त्या काळात भरीव रबराची पट्टी असायची. लोखंडापेक्षा बरी, पण फार नाही.

डनलॉप यांच्या मुलाचे नाव जॉनी. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. घरी येणारे जॉन फेगन नावाचे शल्यचिकित्सक होते, त्यांनी मुलाला व्यायाम म्हणून सायकल चालवायला सांगितली होती आणि पुढे हवेच्या चाकाच्या खटाटोपात त्यांनीही रस घेतला. म्हणजे या शोधाच्या मुळाशी एक जनावरांचा डॉक्टर, एक माणसांचा डॉक्टर आणि एक मुलगा. दगडी रस्त्यांवर ती सायकल इतकी हादरायची की व्यायाम राहायचा बाजूला.

१८८७ च्या ऑक्टोबरात डनलॉप यांनी घरच्या अंगणात प्रयोग केला. लाकडाची एक गोल तबकडी घेतली, जवळजवळ ९६ सेंटिमीटर व्यासाची. पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून तिच्या कडेभोवती लावली, वर कापडाचे वेष्टन चढवून ते ठोकून घेतले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. रबर त्यांना नवे नव्हते, त्याच्याशी काम करण्याचा त्यांना चांगला सराव होता. मग त्यांनी जॉनीच्या सायकलचे एक चाक काढले आणि दोन्ही चाके अंगणातून एकामागोमाग लोटून दिली. सायकलचे चाक थोडे जाऊन आडवे झाले. हवेचे चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलटे परत फिरले.

हा प्रयोग मला फार आवडतो. यंत्र नाही, मोजमाप नाही, पण तुलना चोख आहे. अंगण तेच, हात तोच, जोर तोच, बदल फक्त एका गोष्टीत. औषधाच्या चाचण्या आम्ही याहून वेगळ्या तत्त्वावर करत नाही.

हवेचे चाक लांब का गेले? भरीव चाक दगडावर चढते तेव्हा सगळी गाडी, वरच्या माणसासकट, तेवढी वर उचलावी लागते. ती खाली येताना ते कष्ट परत मिळत नाहीत, हादऱ्यात वाया जातात. हवेचे चाक दगड स्वतःच्या पोटात घेते. टायर तेवढ्यापुरता दबतो, गाडी जवळपास सपाटच जाते आणि दगड मागे पडला की आतली हवा टायरला परत फुगवते. आरामासाठी केलेली गोष्ट वेगाचीही निघाली, हे त्या काळातल्या शहाण्या लोकांना पटायला जड गेले. मऊ चाक म्हणजे रुतणारे चाक, अशी समजूत होती.

१८८८ च्या सुरुवातीला जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर लागले. मग मोठ्या सायकलवर प्रयोग झाले. ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळाले. त्याच वर्षाशी आपलाही एक धागा आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो आणि ती सुरुवात म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावातले सायकलचे दुकान. पंप, नांगर, किर्लोस्करवाडी हे सगळे नंतरचे.

बेलफास्टमध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू होता, तिथल्या एका क्लबचा कप्तान. हवेच्या टायरची सायकल विकत घेणारा तो पहिला गिऱ्हाईक. डनलॉप यांनी त्याला शर्यतीत उतरायला सुचवले. १८ मे १८८९ रोजी क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत तो ते जाडजूड टायर घेऊन उतरला तेव्हा लोक हसले. चारही शर्यती त्याने जिंकल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूललाही एक सोडून सगळ्या जिंकल्या. हरलेल्यांत हार्वी डू क्रॉस यांची मुले होती. डू क्रॉस हे आयरिश सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष आणि पक्के व्यवहारी गृहस्थ. मुले हरली म्हणून रुसण्याऐवजी त्यांनी त्या टायरची चौकशी केली आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये टायरची कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले.

आणि मग पेटंटच उडाले. दोन वर्षांच्या आत त्यांना अधिकृतपणे कळवण्यात आले की ही कल्पना नवी नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये इंग्लंडात आणि पुढच्या दोन वर्षांत फ्रान्स-अमेरिकेतही हवेच्या चाकाचे पेटंट घेतलेले होते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना अशी चाके लावून त्याने चाचण्याही घेतल्या होत्या. तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती, चाके महाग पडली आणि लोक विसरून गेले. डनलॉप यांना थॉमसनविषयी काही ठाऊक नव्हते. म्हणजे चोरी नव्हे, पण कायद्याच्या दृष्टीने पहिलेपणही नव्हे. वैद्यकातही असे पुष्कळदा होते; रोगाला ज्याचे नाव असते त्याच्या आधी तो दुसऱ्याच कुणी पाहिलेला असतो.

कंपनी तरी कशी वाचली? इथे आमच्या अंगणातला न बसणारा टायर परत येतो.

डनलॉप यांचा मूळ टायर रिमला चिकटवलेला असे. कापड गुंडाळून, रबराच्या द्रावणाने पक्का केलेला. पंक्चर झाले की ते सगळे उकलायचे, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे, परत चिकटवून वाळेपर्यंत थांबायचे. शर्यतीत जिंकणारे चाक घरी मात्र डोकेदुखी होते. १८९० मध्ये दोन माणसांनी यावर दोन उपाय काढले. चार्ल्स वेल्श या इंग्रज गृहस्थाने टायरच्या दोन्ही कडांत न ताणली जाणारी तारेची कडी घातली आणि रिमला मधोमध खोलगट नाली दिली. एडिंबरोत रबराचा कारखाना चालवणाऱ्या विल्यम बार्टलेट या अमेरिकनाने टायरच्या कडा जाड करून त्या रिमच्या वळलेल्या ओठांत अडकवल्या. दोन्हींत टायरला जागेवर धरून ठेवते ती आतली हवाच. कंपनीने दोन्ही पेटंटे मिळवली आणि त्यांच्या जोरावर ती तगली. पुढच्याच वर्षी फ्रँक वुड्स यांनी हवा आत जाऊ देणारा पण बाहेर येऊ न देणारा साधा व्हॉल्व्ह दिला. आपल्या साध्या सायकलला आजही तोच असतो, बारीक रबरी वालट्यूब चढवलेला. हृदयाच्या झडपेचे काम विद्यार्थ्यांना समजावताना मी ती वालट्यूब दाखवलेली आहे.

वेल्शची करामत अशी, की तारेची कडी रिमच्या बाहेरच्या काठापेक्षा घेराने लहान असते. मग ती काठावरून आत जाते कशी? एका बाजूची कड मधल्या खोल नालीत ढकलायची. तिथे घेर लहान, म्हणून तेवढी ढील समोरच्या बाजूला मिळते आणि कड काठावरून उडी मारून आत येते. नंतर हवा भरली की कड नालीतून वर सरकते आणि काठालगतच्या सपाट पायरीवर जाऊन घट्ट बसते. एकदा बसली की सोडत नाही. टायर बसला म्हणजे हे झाले. ट्यूब असते तेव्हा हे आपोआप होते, कारण ट्यूब हवा कोंडून ठेवते आणि कडांना दोन्हीकडे रेटते. मोटारींचे ट्यूबलेस टायर १९५० नंतर रूढ झाले, सायकलींचे १९९९ पासून. त्यांत ट्यूब नाही. अडचण अशी, की कड बसल्याशिवाय हवा कोंडत नाही आणि हवा कोंडल्याशिवाय कड बसत नाही. मी पायपंपाने हळूहळू हवा देत होतो, ती तितक्याच सावकाश कडेने निघून जात होती. मी दिवसभर पंप मारला असता तरी काही झाले नसते.

मला नवजात बाळ आठवले. पहिल्या श्वासाला फुप्फुसे उघडायला नेहमीच्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, कारण आतल्या पिशव्या द्रवाने भरलेल्या आणि मिटलेल्या असतात. एकदा उघडल्या की मग थोड्या जोरात काम चालते. त्या उघड्या राहाव्यात म्हणून फुप्फुसांत साबणासारखे एक द्रव्य तयार होते आणि ते शेवटच्या महिन्यांत पुरेसे होते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला धाप लागते आणि आम्ही धावपळ करतो. १८४० मध्ये दोन महिने आधी आलेले बाळ, पेटी नाही, प्राणवायू नाही. जगले ते बहुधा त्याच्या फुप्फुसांची तयारी वेळेआधी झाली असावी म्हणून; नक्की कुणालाच सांगता येणार नाही.

आमचा टायर शेवटी असा बसला. पुतण्याने सगळे सोडून पुन्हा पहिल्यापासून घेतले. आरांची भोके झाकणारी रिमवरची पट्टी एका जागी सुरकुतली होती, ती काढून रिम कोरडी पुसून नवी पट्टी ताणून लावली. व्हॉल्व्हच्या बुडाचा रबर भोकात नीट दाबून बसवला. मग टायर चढवला, पण आत एक साधी ट्यूब घालून, आणि हवा भरून तासभर ठेवला. त्यामुळे दोन्ही कडा बसल्या आणि घडी पडलेला नवा टायर गोल झाला. मग एकच कड सोडून ट्यूब काढून घेतली. दुसरी बाजू बसलेलीच राहिली, म्हणजे निम्मे काम झाले. सोडलेली कड परत आत घेऊन तिला दोन्ही हातांनी सगळीकडे काठाकडे ओढून घेतले आणि भांड्यांच्या साबणाचे पाणी ब्रशने लावले. साबण इथे निसरडेपणा देतो, कड पायरीवर चढताना अडकत नाही. शिवाय हवा कुठून जाते ते बुडबुड्यांवरून दिसते. व्हॉल्व्हच्या आतला गाभा फिरवून काढून ठेवला, म्हणजे हवेला वाट मोठी झाली. एवढे करून चाक उचलून नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेले, कारण पायपंपात नाही ती एक गोष्ट त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये आहे, एकदम येणारा लोंढा. त्याने नळी लावली, फुस्स झाले, आणि मग टक्, टक्. तो आवाज ऐकल्यावर पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. टायरच्या बगलेवर काठालगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की कड सगळीकडे बसली. एखाद्या जागी रेघ आत गडप असेल तर तिथे बसलेली नाही. मग हवा सोडली, टायर जागचा हलला नाही. व्हॉल्व्हमधून ते पांढरे, रबराच्या चिकासारखे सीलंट ओतले, गाभा परत बसवला, हवा भरली आणि चाक सगळ्या बाजूंनी फिरवले. बारीक भोके ते स्वतःच बुजवते. रक्त गोठते तसेच म्हणा ना.

आता डॉक्टर म्हणून जे सांगायचे ते. टायर बसत नाही म्हणून लोक हवेचा दाब वाढवत नेतात. टायरवर आणि रिमवर कमाल दाब लिहिलेला असतो, त्यांतला जो कमी तो धरा आणि तो ओलांडू नका. कॉम्प्रेसरच्या हवेत सायकलचा टायर डोळ्यासमोर फुटायला एक क्षण पुरतो. ट्रकच्या टायरची हवा भरताना रिम उडून जखमी झालेली माणसे मी सरकारी दवाखान्यात पाहिली आहेत, ती चेहऱ्याची आणि हाताची हाडे मोडून येतात. सायकलचा टायर तितका जबर नाही, पण डोळा आणि कान त्यालाही पुरतात. हवा भरताना तोंड चाकावर झुकवू नका, चष्मा लावा, पोरांना लांब उभे करा. टायरमध्ये स्प्रे किंवा पेट्रोल मारून काडी लावायची आणि भडक्याने टायर बसवायचा, असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ते घरी करणाऱ्याचा हात मला शिवायला लागू नये एवढीच इच्छा आहे.

आणि बसल्यावरही टायर दगडासारखा टणक ठेवू नका. ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. ट्यूबलेसमध्ये ती भीती नसते, म्हणून दाब थोडा उतरवता येतो. लांब सायकल चालवून करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते म्हणून तरुण येतात. तळहाताच्या कडेशी नस दबलेली असते आणि हँडलमधून येणारे हादरे तिला त्रास देतात. हातमोजे, हँडलची उंची, हात बदलत ठेवणे हे सगळे सांगतोच, पण हल्ली टायरमध्ये हवा किती ठेवतोस हेही विचारतो. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारे हादरे सर्वांत जास्त जाणवतात, शरीर त्यांच्या तालावर डोलू लागते. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या कमरेचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. प्रसूतीसाठी केळघरकडून खाली आणल्या जाणाऱ्या बाईला तर विचारायलाच नको.

डनलॉप यांच्या वाट्याला काय आले, हे वाचताना मी जरा थांबलो. १८९५ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी डू क्रॉस यांनी तो धंदा टेरा हूली या भांडवलदाराला ३० लाख पौंडांना विकला आणि हूलीने त्याला सरदार-उमरावांची नावे चिकटवून तोच लोकांना ५० लाखांना विकला. डनलॉप तेव्हा त्यात नव्हते. त्यांचे नाव मात्र होते आणि राहिले. ते डब्लिनमध्ये राहत होते, कापडाच्या एका धंद्यात त्यांचे लक्ष असे आणि खाऊनपिऊन सुखी होते. कंगाल झाले, फसवले गेले, अशी गोष्ट सांगायचा मोह होतो, पण ती खरी नाही. त्यांना खुपले ते वेगळेच. कंपनीने जाहिरातींत त्यांचे चित्र वापरायला सुरुवात केली, दाढीचे डोके त्यांचे आणि खाली कुणा उंच, छानछोकी माणसाचे नटवे शरीर. आयुष्यभर साधे राहिलेल्या पशुवैद्याला ते मुळीच आवडले नाही आणि त्यांनी हरकत घेतली. टायरचा इतिहास त्यांनी स्वतःच्या बाजूने लिहून ठेवला होता, तो त्यांच्या पश्चात मुलीने छापला.

या गोष्टीची दुसरी बाजू आफ्रिकेत आहे. हवेचे टायर सायकलींना लागले, मग मोटारींना, आणि जगाला एकाएकी रबर हवे झाले. मळ्यातले रबर यायला वेळ होता, म्हणून ते जंगलातल्या वेलींमधून काढले गेले, आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातल्या काँगोत ते माणसांना ओलीस धरून, मारून, हात तोडून काढले गेले. ब्रिटनचा वकील रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ मध्ये बाहेर आला आणि १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. डनलॉप यांचा यात काही दोष नव्हता. पण अंगणातले चाक खांबावर आदळून परत फिरले, तिथून हेही सुरू झाले हे लपवून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

आणि बैल. घोड्यांच्या डॉक्टरने काढलेल्या चाकाने जनावरांचे कष्ट खरोखर कमी केले. लाकडी गाडीपेक्षा टायरची गाडी ओढायला हलकी, चिखलात कमी रुतणारी, बैलाच्या मानेला धक्का कमी. पण ओढायला हलकी म्हणून ओझे वाढले. आपल्या देशातल्या १९६५ च्या नियमांतसुद्धा टायर असलेल्या गाडीला बिनटायरच्या गाडीच्या दीडपट वजन मान्य आहे. प्रत्यक्षात उसाच्या गाडीत किती असते ते रस्त्यावर उभे राहून कुणीही पाहावे. उतारावर ती गाडी मागून बैलांना रेटते, चढावर बैल गुडघे टेकतात. जुवाखाली मान सुजते, तिला खांदेसूज म्हणतात. सूज पिकते, आणि हंगाम बुडेल म्हणून त्याच मानेवर परत जू ठेवले जाते. दोष गाडीवानाला देऊन उपयोग नाही. तो मराठवाड्यातून बायकापोरांसह आलेला असतो, उचल घेतलेली असते आणि त्याला पैसे टनावर मिळतात. त्याची कंबर मी तपासतो. बैलांना तपासायला आमच्या पशुवैद्यक मित्राला बोलावतो, तो येतो, मलम देतो, आठ दिवस विश्रांती लिहितो. ती विश्रांती त्या बैलांना मिळाली का, हे आम्ही दोघेही एकमेकांना विचारत नाही. मी पेशंटला लिहून दिलेल्या विश्रांतीचेही तेच होते.

१९२१ च्या ऑक्टोबरात डनलॉप यांना थंडी बाधली. साधेच दुखणे वाटले होते. प्रकृती जपत आलेला तो म्हातारा २३ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये अचानक गेला. शहराच्या दक्षिणेला डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्यांना पुरले. तोवर त्यांच्या नावाचे टायर मोटारींना लागून काही वर्षे झाली होती. आपल्याकडच्या बैलगाड्यांना ते यायचे होते.

पुतण्याचा टायर दोन आठवडे झाले, बसलेला आहे. मागचा अजून त्याने बसवलेला नाही, तो माझ्याकडे पडवीत टांगलेला आहे. या रविवारी पाऊस नसला तर बसवू म्हणतो. ट्यूब, साबणाचे पाणी आणि चष्मा मी काढून ठेवला आहे, पायपंप मात्र माळ्यावर टाकला.